पिवळ्या घराचा रुसवा

"ताई, हे हफलपफ म्हणजे काही वाईट असतं का हो?"

संध्याकाळचे साडेपाच. मी जास्वंदीला पाणी घालत होते आणि कुंपणापलीकडून वहिनींचा हा प्रश्न आला. आवाज एकदम खालचा. हा आवाज त्या एरवी कुणाचं लग्न मोडलं किंवा कुणाचं डायलिसिस सुरू झालं की लावतात. मी नळ बंद केला.

"कुणाला झालंय?"

"आमच्या नातीला."

मग हळूहळू उलगडा झाला. नात पुण्याहून सुटीला आली आहे. वय वर्षं दहा, पुढच्या महिन्यात अकरा. सकाळी तिनं आईच्या फोनवर कसलीशी चाचणी सोडवली. जंगल की नदी, चंद्र की तारे, पहाट की तिन्हीसांज, असले प्रश्न. शेवटी त्या हॅरी पॉटरच्या शाळेत तुला कुठलं घर मिळालं असतं ते फोन सांगतो. पोरीला हवं होतं ग्रिफिंडोर, आलं हफलपफ. तेव्हापासून आतल्या खोलीत पालथी पडून आहे. जेवली नाही. म्हणजे कैरीची डाळ दोन वाट्या खाल्ली, पण पोळीला हात लावला नाही.

"तिची आई म्हणते, दुर्लक्ष करा. पण मला कळेना, समजूत तरी कसली घालायची? नापास झालीय का ती?"

वहिनी बरोबर ठिकाणी आल्या होत्या. मी बावीस वर्षं एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. 'हॅरी पॉटर आणि परीस'च्या आमच्या प्रतीचा पुठ्ठा मी स्वतःच्या हातानं तीनदा चिकटवला आहे. इंग्रजीतला पहिला भाग १९९७ चा, सातवा २००७ चा. पण पोरांची त्या घरांवरून होणारी भांडणं मी निवृत्त होईपर्यंत थांबलेली नव्हती.

"नापास नाही हो," मी म्हटलं, "पण तिच्या रुसण्याला परंपरा आहे. पहिल्याच भागात हॅरी गणवेश घ्यायला दुकानात जातो. तिथं माल्फॉय नावाचं एक शिष्ट कार्टं भेटतं. ते म्हणतं, मला हफलपफात टाकलं तर मी शाळाच सोडीन. दोघांनीही अजून शाळेची पायरी चढलेली नाही, हे लक्षात घ्या! मग तो हॅग्रिड, बिचारा चांगला माणूस, तोही सांगतो की लोक हफलपफवाल्यांना ढ समजतात. म्हणजे गोष्ट शाळेत पोचायच्या आत त्या घराची बदनामी होऊन बसलेली."

"अगोबाई. सून घरात यायच्या आधीच."

"तसंच."

वहिनी तारेला जरा टेकल्या. म्हणजे आता त्या अर्धा तास हलणार नव्हत्या. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, पण त्यांच्या राखणीला आज आजोबा होते.

मी पायापासून सुरुवात केली. विलायतेत मुलं शाळेतच राहायची, त्यातली घरं म्हणजे खरोखरीची घरं, राहायच्या इमारती. हॉगवर्ट्‌सचंही तसंच. हजारेक वर्षांपूर्वी चौघांनी मिळून ती शाळा काढली, चौघांच्या नावाची चार घरं.

"आपल्या शाळांत असतात तशी? लाल, निळा, हिरवा, पिवळा?"

"रंगसुद्धा तेच चार. ग्रिफिंडोर लाल, रेव्हनक्लॉ निळं, स्लिदरिन हिरवं आणि तुमच्या नातीचं पिवळं. फरक एवढाच, आपल्याकडे हजेरीपटाच्या क्रमांकानं वाटणी होते. एक लाल, दोन निळा, तीन हिरवा. तिथं एक जुनाट टोपी डोक्यावर घालतात. ती आत डोकावते आणि स्वभाव बघून घराचं नाव ओरडते. शूर ते ग्रिफिंडोर, बुद्धिमान ते रेव्हनक्लॉ, महत्त्वाकांक्षी ते स्लिदरिन, कष्टाळू आणि सरळ ते..."

"ते राहू द्या," वहिनींनी हात झटकला. "लग्नाच्या जाहिरातीत सगळेच सुस्वभावी आणि निर्व्यसनी असतात. वागतात कसे ते सांगा."

बावीस वर्षांत हे मला एकाही पोरानं विचारलं नव्हतं. मी थोडा विचार केला आणि म्हटलं, "मग तुम्हाला त्यांची दारं सांगते."

ग्रिफिंडोरच्या दाराशी एका लठ्ठ बाईचं चित्र. परवलीचा शब्द सांगितला की ती बाजूला होते. शब्द बरोबर ना, मग माणूस कोण का असेना. तिसऱ्या भागात तुरुंगातून पळालेला सिरियस ब्लॅक त्या घरात घुसतो, कसा? नेव्हिल नावाचा विसराळू मुलगा. त्यानं आठवड्याचे सगळे शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवले आणि चिठ्ठी हरवली. तेव्हा त्या बाईच्या जागी एका खुळ्या सरदाराचं चित्र लावलेलं होतं. सिरियसनं चिठ्ठी वाचून दाखवली, सरदारानं दार उघडलं!

"म्हणजे कुंडीखाली चावी ठेवणारी माणसं," वहिनी म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या बंगल्यात आहेत तशी. वर गावभर सांगायचं, आम्ही चावी कुंडीखाली ठेवतो."

"आणि गंमत म्हणजे सिरियस निर्दोष होता. खरा बदमाश वर्षानुवर्षं आतच होता, उंदीर होऊन, एका पोराच्या खिशात. त्यानं हॅरीच्या आईबापांचा ठावठिकाणा शत्रूला सांगितला होता. तो पीटर पेटिग्रू कुठल्या घरचा? ग्रिफिंडोरचाच. शूरांच्या घरचा."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मला चेव आला. ग्रंथालयात मी हे मोठ्यानं कधी बोलले नाही, कारण नव्वद टक्के पोरं ग्रिफिंडोरवाली; पुस्तकं परत यायची बंद झाली असती. पण मला ते घर थोडं आगाऊच वाटतं. धाडस खरं, मरायला तयार होतात हेही खरं. पण कुणीतरी बघत असलं की त्यांना जास्त चढतं. हॅरीचा बाप आणि तो सिरियस, ऐन तारुण्यात तळ्याकाठी एका पोराला सगळ्यांदेखत उलटं टांगून त्याची फजिती करतात. कशासाठी? सिरियसला कंटाळा आला होता म्हणून. आणि त्यांचा तो शहाणा मित्र ल्युपिन, वर्गाचा मॉनिटर म्हणा, पुस्तकात डोकं घालून बसून राहतो.

"अशी असतातच," वहिनी म्हणाल्या. "गणपतीत वर्गणीला पुढे, नाचायला पुढे. मांडव काढायच्या दिवशी एक दिसत नाही." मग जरा थांबून, "पण रात्री अडीचला आजोबांना उचलून गाडीत घातलं तेही अशाच पोरांनी हो."

यावर मला काही बोलता येईना. ग्रिफिंडोरची बाजू यापेक्षा चांगली कुणी मांडली नसती.

स्लिदरिनचं दार म्हणजे तळघरातली साधी दगडी भिंत. दार आहे हेसुद्धा कळत नाही. घर तळ्याच्या पातळीखाली, आत हिरवट उजेड. दुसऱ्या भागात हॅरी वेष पालटून तिथं जातो तेव्हा परवलीचा शब्द काय असतो? शुद्ध रक्त.

"हं. म्हणजे स्थळ सांगून आलं की मुलगा काय करतो याच्या आधी आडनाव विचारणारे."

"त्यातच मौज आहे, वहिनी. त्या घरातून निघालेला सगळ्यात मोठा राक्षस, व्होल्डेमॉर्ट, शुद्ध रक्तासाठी जगाचा नाश करायला निघालेला. त्याचा बाप साधा माणूस, जादूचा थेंब नाही अंगात. आणि त्या घराचे प्रमुख शिक्षक स्नेप, त्यांचेही वडील तसेच."

"असंच असतं. ज्यांच्या पत्रिकेत खाडाखोड, तेच पत्रिका जास्त बघतात."

पण स्लिदरिनवर लेखिकेनं अन्याय केला, असं मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. पहिल्या भागाच्या शेवटी वर्षभराच्या गुणांचा निकाल लागतो. स्लिदरिन ४७२, रेव्हनक्लॉ ४२६, हफलपफ ३५२ आणि ग्रिफिंडोर ३१२, शेवटचा नंबर. स्लिदरिन सलग सातव्यांदा जिंकलेलं, सभागृहात हिरव्या पताका लागलेल्या, पोरं टेबलं वाजवतायत. आणि मुख्याध्यापक डम्बलडोर उभे राहून म्हणतात, थांबा, काही गुण द्यायचे राहिले. हॅरीच्या दोस्तांना, म्हणजे रॉनला ५०, हर्मायनीला ५०, खुद्द हॅरीला ६०. झाले ४७२, बरोबरी. मग नेव्हिलला १०. पताका लाल.

"अहो, हे तर गॅदरिंगमध्ये संस्थाचालकांच्या पुतण्याला ढाल देतात तसं झालं!"

"गुण त्यांनी कमावलेले होते, नाही असं नाही. नेव्हिलचे तर नक्कीच. तो स्वतःच्या मित्रांच्या आडवा उभा राहिला होता. पण ते आदल्या दिवशी द्यायचे. पताका लावून झाल्यावर कसले देता?"

"अकरा वर्षांची असतील ना ती हिरवीवाली पोरंसुद्धा?"

"त्यातली काही तर नुकतीच दाखल झालेली. त्यांनी कुणाचं काय केलं होतं?"

वहिनी गप्प झाल्या. मलाही हे असं बोलून झाल्यावरच नीट लागलं. सगळी शाळा ज्या घराकडे वाकड्या नजरेनं बघते, त्या घरची पोरं वाकडी निघाली तर नवल कसलं? शेवटच्या लढाईच्या आधी एक स्लिदरिनची मुलगी ओरडते, हॅरी तिथं उभा आहे, धरा त्याला; आणि ते सगळं टेबल रिकामं होतं. हे खरं. पण त्याच घरातले म्हातारे स्लगहॉर्न हिरव्या रेशमी पायजम्यात परत येऊन लढतात. स्नेप तर वर्षानुवर्षं शत्रूच्या पंगतीला बसून हेरगिरी करतो. आणि हॅरी वाचतो तो एका स्लिदरिनच्या आईमुळे. माल्फॉयची आई. आपला मुलगा जिवंत आहे एवढं कळल्यावर ती व्होल्डेमॉर्टच्या तोंडावर खोटं बोलते.

"ते कळलं," वहिनी म्हणाल्या. "ते मीही बोलले असते."

रेव्हनक्लॉचं दार मला स्वतःला आवडतं. उंच मनोऱ्यावर, गरुडाच्या आकाराची कांस्याची कडी. परवलीचा शब्दच नाही. तो गरुड कोडं घालतो. फिनिक्स आधी की ज्वाळा, असं काहीतरी. उत्तर पटलं की दार उघडतं, मग तुम्ही कुठल्याही घरचे असा.

"आणि नाही आलं तर?"

"तर दुसरं कुणी येईपर्यंत बाहेर थांबायचं. तेवढंच शिकायला मिळतं, असं त्यांचं म्हणणं."

"रात्री मोरीवर गेलेल्या पोरीनं बाहेर कुडकुडत कोडी सोडवायची? कुणाच्या डोक्यातली ही कल्पना? नक्की पुरुषाच्या."

"नाही हो, रोवेना नावाच्या बाईच्या." पण वहिनींना ते पटलं नाही.

बुद्धीचं घर, पण बुद्धी म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे तिथं पदोपदी दिसतं. लूना म्हणून एक वेगळ्याच तंद्रीतली मुलगी आहे. पोरं तिची पुस्तकं आणि कपडे लपवतात आणि वर्षाच्या शेवटी ती शांतपणे नोटीस लावते, माझ्या वस्तू परत द्या. दुसऱ्याचे पराक्रम स्वतःच्या नावावर छापून लेखक झालेला लॉकहार्ट, तोही याच घरचा. आणि ते दारही तसं भाबडंच. सातव्या भागात शत्रूचा माणूस बाहेर थडाथडा ठोकत असतो, उत्तर काही येत नाही. शेवटी शाळेतल्या मॅक्गोनागलबाई त्याच्यासाठी उत्तर देतात आणि दार उघडतं. म्हणजे सोबत हुशार माणूस आणला की कुणीही आत.

"आणि एक सांगायचं राहिलं. त्या घरात एक पाटील आहे."

वहिनी तारेवरून सरळ झाल्या. "आपल्यातली?"

"गाव दिलेलं नाही. पद्मा पाटील आणि पार्वती पाटील, जुळ्या बहिणी. पार्वती ग्रिफिंडोर, पद्मा रेव्हनक्लॉ. पुढे पद्मा मॉनिटरही होते. चौथ्या भागात शाळेत नाच असतो, तेव्हा पार्वतीला हॅरी मिळतो आणि पद्माला रॉन. दोघंही ठोंबे. रॉन तर तिच्याकडे बघतही नाही, दुसऱ्याच मुलीवरून धुमसत बसतो. शेवटी ती उठून दुसऱ्या शाळेच्या पोराबरोबर निघून जाते."

"बरं केलं. पाटलाची पोर ती. पण जुळ्या असून दोन घरं?"

नेमका हाच मुद्दा मला वहिनींपुढे आणायचा होता. वीझली म्हणून मोठं खटलं आहे, त्यांची झाडून सगळी पोरं ग्रिफिंडोर. माल्फॉयच्या डोक्याला टोपी लागली न लागली तोच स्लिदरिन. ते बघितलं की वाटतं, टोपी आडनाव बघते. पण एका पोटी, एका दिवशी जन्मलेल्या या दोन पाटलिणी वेगळ्या होतात. सिरियस ब्लॅकचं सगळं घराणं स्लिदरिन आणि तो एकटा ग्रिफिंडोर. सगळ्या वर्गात हुशार हर्मायनी, तिला टोपी रेव्हनक्लॉत टाकायच्या विचारात होती, पाठवलं ग्रिफिंडोरात. मग टोपी बघते काय? हॅरीच्या वेळी कळतं. टोपी त्याला स्लिदरिनात धाडायला निघालेली असते, आणि तो मनात एकच घोकतो, स्लिदरिन नको, स्लिदरिन नको. टोपी ऐकते.

"म्हणजे मागेल ते मिळतं?"

"मागण्याला किंमत आहे. अंगात काय आहे हे ती बघतेच, पण तुला काय व्हायचंय तेही बघते."

वहिनींनी घराकडे नजर टाकली. "आता खरं सांगते. पोरीनं ती चाचणी दुपारी पुन्हा सोडवली. मुद्दाम शूर-शूर उत्तरं देऊन. ग्रिफिंडोर आलं. मग आईला म्हणाली, पण मी खोटं लिहिलं, आणि आणखीच रडली."

मी हसले. खोटं लिहून हवं ते मिळालं आणि त्याचंच रडू आलं! त्या पोरीला कुठलं घर द्यायचं याबद्दल माझ्या मनात तरी शंका उरली नाही.

"चला, आता तिचं दार सांगा," वहिनी म्हणाल्या. "पिवळं."

हफलपफचं घर स्वयंपाकघराला लागून. तेवढ्यावरच वहिनींचं मत अर्धं बनलं. दार म्हणजे पिंपांची रास. ठरावीक पिंपावर हेल्गा हफलपफ या नावाच्या ठेक्यात टिचकी मारायची, झाकण उघडतं. चुकीच्या पिंपावर मारली किंवा ठेका चुकला, तर वरून व्हिनेगरची आंघोळ. हे लेखिकेनं मागाहून लिहिलं, कारण सात भागांत हॅरी त्या घरात एकदाही जात नाही. स्लिदरिनात वेष पालटून जाऊन येतो, रेव्हनक्लॉच्या मनोऱ्यावर जातो. पण या शेजाऱ्यांकडे सात भागांत एकदाही नाही.

"आपल्या मागच्या गल्लीतलं ते पोस्टातलं कुटुंब," वहिनी हळूच म्हणाल्या. "तीस वर्षं राहतायत. मी एकदा तरी गेलेय का?"

"मीही नाही."

आणि नीट पाहा, बाकी तिन्ही दारं फक्त उघडत नाहीत. अंगावर येणारं दार एकच, ते या गरीब गाईंचं. म्हणून त्यांना मिळमिळीत म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. रुसतातही जोरात. चौथ्या भागात त्यांचा सेड्रिक एका स्पर्धेसाठी शाळेचा प्रतिनिधी म्हणून निवडला जातो. त्या घराला जन्मात कधी नाही ती शान आलेली, आणि तेवढ्यात हॅरीचंही नाव पुढे येतं. मग माल्फॉयनं काढलेले सेड्रिकच्या बाजूचे बिल्ले हीच मंडळी छातीवर लावून फिरतात. आधी दुसऱ्या भागात अर्नी नावाचा त्यांचा मुलगा हॅरीवर संशय घेऊन कुजबुजत असतो. पण चूक कळल्यावर तोच सगळ्यांसमोर हात पुढे करून माफी मागतो. माझं चुकलं, हे शब्द त्या सात भागांत किती थोड्या जणांच्या तोंडी आहेत!

सेड्रिकबद्दल मला जास्त बोलवत नाही. खेळात हॅरी झाडूवरून पडतो आणि तेवढ्यात सेड्रिक सामना जिंकतो. पडलेला हॅरी दिसताच म्हणतो, पुन्हा खेळू. हॅरी त्याला ड्रॅगनची बातमी देतो, तर तो हॅरीला पुढच्या कोड्याची खूण देऊन परतफेड करतो. शेवटी चषक हातभर अंतरावर असताना दोघं एकमेकांना तू घे, तू घे करत राहतात. मिळून उचलतात. आणि सेड्रिक तिथून जिवंत परत येत नाही.

आणि शेवटची लढाई. लहान पोरांना बाहेर काढतात, मोठ्यांना म्हणतात, हवं तर थांबा. रेव्हनक्लॉचे काही थांबतात, हफलपफचे त्याहून जास्त. माझ्या ग्रंथालयातल्या पोरांना हे वाक्य कधी आठवायचं नाही.

पडदा हलला. नात दारात येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. डोळे सुजलेले.

"व्हिनेगर खरंच ओततात?" तिनं विचारलं.

"डोक्यावरून," मी म्हटलं.

ती आत गेली आणि फोन घेऊन आली. वाटलं, आता तिसऱ्यांदा सोडवणार. पण तिनं तो आजीपुढे धरला. "आता तू."

वहिनींनी चष्मा लावला आणि कुंपणाशी उभ्या उभ्या एकेक उत्तर दिलं. जंगल की नदी? नदी, कपडे तरी धुता येतात. आजोबा गच्चीवरून दोनदा ओरडले, कुरडया काढू का. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटचा प्रश्न झाला, फोनवर गोल फिरलं, आणि नात किंचाळली. स्लिदरिन!

वहिनींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावून नाव नीट वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सासूबाई असायला हव्या होत्या हो. ज्या दिवशी माप ओलांडलं त्याच दिवशी त्या हेच म्हणाल्या होत्या."